पुढची दोरी की मागची

हाडांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं मी प्लास्टर घातलं. लोकांचे चेहरे मला आठवत नाहीत, पाय आठवतात. रस्त्यात कुणी "सांडूमामा, ओळखलं का?" म्हणलं की मी आधी खाली बघतो. लोकांना वाटतं म्हातारा लाजतोय. लाजायला काय झालं, मी त्याची नडगी बघत असतो. पण एक माणूस मला चेहऱ्यासकट आठवतो, अन् आठवला की दिवस खराब जातो. मल्हारी त्याचं नाव, पिशोरचा धनगर. त्याचं सांगताना मी मधीच चिडलो तर चिडू द्या. निम्मी चीड माझ्यावरचीच आहे.

साल त्र्याण्णव सरत आलं होतं. तवा ह्या शहराला आम्ही समदे औरंगाबादच म्हणायचो. चिकलठाण्याला कारखान्यांचे भोंगे तीन पाळ्यांत वाजायचे अन् खेड्यापाड्यातली पोरं सायकली हाणत आत शिरायची. मल्हारी त्यातलाच. पाच वर्षांपासून एका कारखान्यात प्रेस मशीनवर, आठ तास उभं. मुकुंदवाडीत पत्र्याची खोली, चौघांत मिळून. चौघांच्या पाळ्या निराळ्या, म्हणून एक यायचा तवा दुसरा घोरत असायचा. पाच वर्षं एका खोलीत राहून त्याला एका पार्टनरचा आवाजसुद्धा धड माहीत नव्हता. हे त्यानं मला हसत सांगितलं होतं, मला काही हसू आलं नाही.

माणसं नव्हती असं नाही. बाप मुंजाबा होता, बायको बानाबाई होती. पण ती दोघं मेंढरांमागं. दसरा झाला, लोकरीची कातरणी उरकली की त्यांचा वाडा हालायचा. मेंढपाळांचा वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे बरं का, घोड्यावर लादलेला संसार. खाली पाचोड-पैठणच्या अंगाला जायचे, पिकं निघालेल्या रानात मेंढरं बसवायचे, आज ह्या गावात, उद्या त्या. त्यांना पत्ता कुठला? मल्हारीनं बायकोला पत्र लिहावं तर कुठं लिहावं? पाचोडच्या बाजारात मेंढरांच्या खुट्यापाशी कुणाला तरी निरोप द्यायचा, तो चार दिसांनी पोचायचा. असा ह्यांचा नवराबायकोचा संसार.

अन् गडी कारखान्यात हौसेनं आला नव्हता. दुष्काळात निम्मी मेंढरं गेली, तवा बापाला म्हणला होता, मी पगार कमावतो, कळप पुन्हा भरू, मग येतो. मुंजाबाच्या घरात एक रीत होती. कातरणीच्या दिवशी पहिलं मेंढरू जो गुडघ्याखाली घेईल तो घरचा कारभारी. मुंजाबाचे हात थरथरायला लागले होते. म्हातारा म्हणला होता, येत्या दसऱ्याला कातर तू धर, मग वाडा तुझा. नाही धरलीस तर चुलतभावाच्या पोराला द्यावी लागंल, माझ्याच्यानं आता होत नाही. मल्हारी ह्या एका दिवसावर डोळे लावून प्रेसवर उभा होता.

मग हे कबड्डीचं झेंगट. कारखान्याचा संघ होता, त्यात हा चढाईला जायचा. मी विचारलं, तुला रे कशाला हे उद्योग? तर म्हणला, "मामा, तिथं लोक माजं नाव घेऊन वरडत्यात." सामन्यात एकानं पाय धरला, अंग एकीकडं फिरलं, पाय तिथंच राहिला. गुडघ्यात कायतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला आला. सूज महिन्यात उतरली, पण गुडघा निसटायला लागला. चालता चालता पाय आपला नसल्यागत व्हायचा अन् गडी खाली.

आमच्याकडं सुरडकर डॉक्टर नवीन आले होते. मुंबईला शिकलेले, वयानं तिशी-बत्तिशीचे, हाताला गुण. त्यांनी मल्हारीला झोपवून नडगी पुढं ओढली, कपाटाचा खण ओढावा तशी ती पुढं आली. "दोरी तुटलीय," ते म्हणले. गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या असतात, फुलीसारख्या एकमेकीवर. त्यातली पुढची तुटली की ती शिवून जुळत नाही. अंगातलीच दुसरी कुठली तरी काढून तिथं घालावी लागते. डॉक्टर त्याला ग्राफ्ट म्हणायचे. कुठली काढायची, ह्यावर समदं अडलं.

डॉक्टरांना सतरा कामं. ते म्हणले, "मामा, ह्याला तुमच्या भाषेत समजून सांगा." मी पण शहाणा, छाती फुगवून बसलो. त्याला प्लास्टर रूममध्ये स्टुलावर बसवलं अन् सांगितलं. बघ, पहिली पुढची, म्हणजे गुडघ्याच्या पुढून काढायची. वाटीच्या खाली रुंद पट्टी असते, नडगीपर्यंत जाते. तिचा मधला तिसरा हिस्सा काढायचा, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा ठेवून. हाड हाडाला धरतं, लवकर धरतं, पक्कं धरतं. पण गुडघा टेकला की पुढं दुखतं, कुणाकुणाला जन्मभर. दुसरी मागची. मांडीच्या मागून, आतल्या अंगानं, दोन नसा काढायच्या, दुमडून जाड करायच्या. ह्या हाडात रुजायला वेळ खातात, पाय जास्त दिवस जपावा लागतो, थोडी ढिलाई राहू शकते. पण गुडघा टेकायला मोकळा. तिसरी मुंबईहून मागवायची बनावटी दोरी. ती घासून तुटते अन् तुकडे आतच राहतात, डॉक्टर म्हणतात तरण्या माणसाला मी ती घालणार नाही. झालं. तिसरी सोड, दोन राहिल्या.

"तुझं काम काय?" मी विचारलं.

"उभं ऱ्हायचं. पण मामा, कातरणी हाय."

"म्हणजे काय करायचं असतं?"

तर पठ्ठ्या स्टुलावरून उतरला. माझं कापसाचं मोठं भेंडोळं उचललं, त्याला बँडेजच्या पट्टीनं आवळलं, जसे काय चार पाय बांधले. फरशीवर आडवं घातलं. चांगला गुडघा एका अंगाला टेकला, दुखरा हळूच दुसऱ्या अंगाला, अन् माझी प्लास्टर कापायची कात्री घेऊन खसाखसा कापूस उडवायला लागला. पोटाकडून पाठीकडं, मानेपाशी हात हलका. मेंढराला कसं दाबायचं पण दुखवायचं नाही, हे सांगत होता. दोन तासांत किती होतात, बाप कसा शिव्या घालतो, बानाबाई लोकर कशी गोळा करते. मी कधी त्याला इतकं बोलताना बघितलं नव्हतं. माझा आठवड्याचा कापूस गेला, मी लई बोललो त्याला, पण मनातनं बरं वाटलं.

डॉक्टरांना मी ही गंमत सांगितली. ते लगेच म्हणले, "मग प्रश्नच मिटला. गुडघा टेकायचं काम आहे, मागचीच घेऊ."

मल्हारीचा चेहरा पार उतरला. "मागची नाय," तो म्हणला.

"का रे?"

"नाय, मागची नाय. पुढची घ्या."

डॉक्टरांनी दोनदा समजावलं. पुढची वाईट नाही, उलट जास्त पक्की, पण तुझ्या कामाला मागची बरी. हा ऐकून घ्यायचा अन् मान हलवायचा. का, ते सांगेना. डॉक्टर म्हणले, पाय त्याचा आहे, जबरदस्ती नाही. घरच्यांना बोलवा, सही पण लागेल, सगळे मिळून ठरवा.

मी तिथंच त्याच्यावर तोंड टाकलं. "दहावी नापास तू, अन् डॉक्टरला शिकवतो व्हय रे? त्यांनी काय झक मारायला मुंबई केली?" असं कायबाय बोललो. तो खाली बघत बसला. तवा जरा आवाज खाली घेऊन विचारलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? पण आमचा स्वभावच तसा, आधी भांडं आदळायचं.

निरोप मी धाडला, ते मात्र मनापासून. ओळखीच्या एसटी ड्रायव्हरला सांगितलं, पाचोडच्या बाजारात मेंढरांच्या खुट्यापाशी सांग, मुंजाबा धनगर पिशोरकर, पोराचं ऑपरेशन आहे, सुनंला घेऊन ये. जानेवारीचा पहिला आठवडा होता. तवाच विद्यापीठाच्या नावाचं पुन्हा पेटलं. सोळा वर्षं ह्या नावापायी मराठवाडा तापलेला, कुणाची घरं जळली, कुणाचे जीव गेले. आता सरकार निर्णय देणार म्हणून बंद, मोर्चे, जागोजाग पोलीस. गाड्या एक दिवस सुटायच्या, दोन दिवस डेपोत उभ्या. आमच्या वार्डात चार नंबरला नाव पाहिजे म्हणणारा अन् पाच नंबरला नको म्हणणारा, दोघांच्या पायाला वजनं लटकलेली. भांडायला उठता येईना म्हणून पडल्या पडल्या भांडायचे, अन् चतुराबाई सिस्टर आली की दोघं गप.

मल्हारी त्या भांडणात नव्हता. त्याची नजर दारावर. भेटायच्या वेळेला चार वाजता वार्ड माणसांनी भरायचा, डबे उघडायचे, पोरं रडायची. हा एकटा चादर नीट करून बसायचा, केसांना पाणी लावून. पाच वाजता सगळे गेले की आडवा व्हायचा. कारखान्यातून एकदा एक बाबू आला, कागदावर सही घेतली अन् गेला. खोलीतल्या पार्टनरांपैकी कुणी नाही. मी रोज ड्युटी संपल्यावर त्याच्या खाटेपाशी थोडा टेकायचो. माझ्या घरी तरी कोण होतं? बायको जाऊन चार वर्षं झाली होती, लेकरूबाळ नाही. मला वाटायचं मी त्याच्यावर उपकार करतोय. खरं म्हणजे मलाच घरी जायचा कंटाळा.

संक्रांतीच्या दिवशी नावाचा निर्णय लागला. आमच्या वार्डातल्या मुक्ताबाई आया, भीमनगरच्या, सकाळी पांढरी धुवट साडी नेसून आल्या अन् तिळगुळाबरोबर पेढे वाटायला लागल्या. चार नंबरला दिला, पाच नंबरला पण दिला, त्यानं घेतला. मल्हारीच्या हातावर पेढा ठेवत म्हणल्या, "सोळा वर्षं वाट बघितली बाबा. माझा भाऊ बघायला ऱ्हायला नाय." अन् तिथंच डोळे पुसायला लागल्या. मल्हारीनं अर्धा पेढा मोडून त्यांनाच दिला.

ऑपरेशनची तारीख दोनदा पुढं गेली होती. तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणले, आता नाही केलं तर मला दीड महिना वेळ नाही, अन् दर वेळी गुडघा निसटतोय तशी आतली कूर्चा, हाडांमधली गादी, झिजतेय. उद्या सकाळी करू. पुढची का मागची, तेवढं सांगा. गाड्या बंदच. बाप आला नाही, बानाबाई आली नाही, निरोप पोचला का तेही कळेना.

त्या संध्याकाळी मल्हारी मला म्हणला, "मामा, आबा असता तर त्याला इचारलं असतं. आता तुमीच सांगा. तुमचा पाय असता तर तुमी कोंची घेतली असती?"

मला सगळं माहीत होतं. त्यानं माझ्या फरशीवर गुडघे टेकलेले मी बघितलेले. पण दोन आठवडे डोकं लावून मी बेजार झालो होतो. त्याला पुढची पाहिजे हे दिसत होतं, हो म्हणलं की तो सुखानं झोपेल असंही दिसत होतं. अन् आणखी एक, मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. मी गंभीर तोंड करून म्हणलो, "पुढचीच. पुढची पक्की. घे पुढची."

"बरं," तो म्हणला. मोकळा झाला एकदम. नातेवाईकाच्या रकान्यात मी सही केली. नातं काय लिहू म्हणून विचारलं तर तो म्हणला, चुलता लिवा. लिहिलं मी चुलता.

ऑपरेशन बघण्यासारखं झालं. खोटं नाही बोलणार, सुरडकर डॉक्टरांचं काम म्हणजे काम. दीड महिन्यात पाय सरळ, सहा महिन्यांत गडी जिना चढउतार करायला लागला. नडगी ओढली तर जागची हलेना. डॉक्टर शिकाऊ पोरांना बोलवून दाखवायचे, हा बघा गुडघा. कारखान्यानं त्याला कायम केलं. बाप मग फेब्रुवारीत एकदाचा येऊन गेला, निरोप पंधरा दिसांनी पोचला होता. त्यानं पायावरून हात फिरवला, शिवण बघितली अन् म्हणला, "दसऱ्याला ये."

दसऱ्याला मी पण गेलो पिशोरला. चुलता ना मी. नवं धोतर घेतलं होतं म्हाताऱ्याला. ओढ्यात मेंढरं धुऊन आणलेली, उन्हात वाळत उभी. भावकी जमलेली. मुंजाबानं कातरीला हळदकुंकू लावलं अन् मल्हारीच्या हातात दिली. बानाबाई पदर खोचून लोकरीसाठी घोंगडं अंथरून बसली होती. मी तिला पहिल्यांदा बघत होतो. ती नवऱ्याकडं बघून हसली, एकदाच.

त्यानं मेंढरू आडवं घातलं, पाय बांधले अन् गुडघा टेकला. टेकला तसा त्याच्या तोंडावरचा रंग गेला. उठला, पुन्हा टेकला. कुणीतरी घोंगडी घडी करून खाली दिली. तिच्यावर टेकून त्यानं दात आवळून चार हात मारले, कपाळावरून घाम गळत होता. मग एक पाय लांब करून बसून बघितलं, तर मेंढराला दाब बसेना, ते उसळलं अन् कातर त्याच्या पोटाला लागली. रक्त आलं. मेंढरू वरडायला लागलं. मी भावकीच्या मागं जाऊन उभा राहिलो, मला कुणाचं तोंड बघवेना.

मुंजाबा पुढं आला. पोराच्या हातातून कातर घेतली, जखमेवर हळद दाबली. मग आपल्या चुलतभावाच्या पोराला, भिकनला, हाक मारली. भिकननं गुडघे टेकले. म्हातारा सुनेकडं बघून म्हणला, "बाने, पाव्हण्यांला च्या टाक." बानाबाईनं दोन कप आणले. एक माझ्या हातात दिला अन् एक मल्हारीच्या.

पुढचं काय सांगू? वाडा भिकनकडं गेला. बानाबाई मुकुंदवाडीला येऊन दोन महिने राहिली, पत्र्याखाली तिचा जीव लागेना. म्हणली, म्हाताऱ्याचं कोण बघंल, अन् गेली. भांडण नाही, काडीमोड नाही. वर्षातून दोनदा तो जायचा, दोन दिवस राहायचा, चहा प्यायचा, यायचा. मुंजाबा वारला तरी ती कळपाबरोबरच राहिली. तिला दुसरं येत नव्हतं अन् आवडतही नव्हतं. हा प्रेसवर उभा राहिला, बारा वर्षं आणखी. गुडघ्यानं एकदा पण दगा दिला नाही. सुट्टीच्या दिवशी माझ्याकडं यायचा. मी भाजी करायचो, तो भाकरी थापायचा. बोलणं फारसं नसायचं. त्यानं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही, अन् तेच मला जास्त टोचायचं.

मी रिटायर झालो त्या दिवशी सत्काराची शाल खांद्यावर घेऊन घरी आलो तर हा दारात बसलेला. जेवणं झाली. माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हणलं, "मल्हारी, आता तरी सांग. डॉक्टर दोनदा म्हणले मागची घे, मागची घे. तू का नाही म्हणत होतास?"

त्यानं ताट पुसून ठेवलं. मग म्हणला, "मामा, लांडगा मेंढरावर मागनं येतो. मांडीमागं दात घालतो, नसा तोडतो अन् निघून जातो. मेंढरू मरत नाय. पण पुन्यांदा उठत बी नाय. आमी त्याला उचलून उचलून उभं करतो, ते बसतं. मी ल्हान असताना आमचं एक तसं झालं होतं, मी आठ दिवस त्याला खांद्यावर घेऊन हिंडलो. मग आबानं सुरी घातली. डॉक्टर म्हणले मागच्या नसा काढतो, तवा मला तेच दिसलं. म्हणलं पाय दुखंल तर दुखू दे, पण उठता यायला पायजे."

मी डोक्याला हात लावला. "अरे येड्या, दोनच काढायच्या होत्या. बारक्या दोन. जाड नस तशीच राहती मांडीत, पाय उठतो, चालतो, पळतो. गुडघे पण टेकले असतेस. हे तवा बोलला असतास तर मी पाच मिनिटांत सांगितलं असतं."

"व्हय," तो म्हणला. "पर वार्डात समदे शिकलेले. लांडग्याचं सांगितलं असतं तर तुमी हसला असता."

मी तोंड उघडलं, नाही रे, मी कशाला हसलो असतो, असं म्हणायला. पण त्या दिवशी मला खोटं बोलता आलं नाही. मी हसलोच असतो. वार्डभर सांगत फिरलो असतो.